असाइनमेंटसाठी संदर्भ शोधताना गूगलशी कसं वागायचं?

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे. 'शाळकरी मुलांच्या झोपेवर मोबाइलचा परिणाम' या विषयावर संशोधनपर असाइनमेंट लिहायची आहे आणि किमान दहा विश्वासार्ह संदर्भ हवेत. आठवडाभर गूगल चाळलंत, पण हाती ब्लॉग आणि बातम्याच लागल्या. जे शोधनिबंध बरे वाटले ते उघडायला पैसे मागतात. शेवटी चॅटबॉटला विचारलंत, त्याने आठ संदर्भ दिले आणि त्यातले पाच कुठेच सापडत नाहीत. त्यात सरांनी बजावलंय की 'इंटरनेटवरचे संदर्भ चालणार नाहीत'. मग शोधायचं तरी कुठे?

मी बावीस वर्षं ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काम करतोय. 'सगळं शोधलं, काहीच मिळालं नाही' ही तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी येतं. जरा खोदून विचारलं की कळतं, 'सगळं' म्हणजे एकच वाक्य, शब्द पुढेमागे करून तीन वेळा टाकलेलं. तुमची गत बरीचशी तशीच असावी असा माझा अंदाज आहे. पण त्याआधी सरांच्या अटीचा गुंता सोडवू, कारण तो सुटल्याशिवाय बाकी सगळी मेहनत पाण्यात जाईल.

शोधनिबंध छापील अंकात वाचला काय आणि पडद्यावर वाचला काय, तो निबंध तोच असतो. गूगलवर सापडला म्हणून तो 'इंटरनेटवरचा संदर्भ' होत नाही. सरांना बहुधा असं म्हणायचंय की ज्याचा लेखक कोण हे कळत नाही आणि जे कोणी तपासलेलं नाही, असं पान नको. पण बहुधावर मार्क सोडू नका, सरळ विचारा. 'सर, पीअर-रिव्ह्यूड जर्नलमधला लेख ऑनलाइन वाचला तर चालेल ना? आरोग्यसंस्थांचे अहवाल चालतील का? किती वर्षांपर्यंतचे जुने घेऊ?' एवढे तीन प्रश्न. पीअर-रिव्ह्यूड म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर जाणकारांनी तपासलेला. मी पाहिलंय, मुलं दोन आठवडे अटीचा अर्थ लावत बसतात आणि शिक्षक दोन मिनिटांत सांगतात.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. मी पुढे जे सांगणार आहे ते वैद्यक, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांना चांगलं लागू पडतं, कारण तिथलं संशोधन जर्नलांमध्ये छापून येतं आणि जर्नलं ऑनलाइन असतात. इतिहास किंवा साहित्याचा विषय असता तर मी तुम्हाला आधी पुस्तकांकडे पाठवलं असतं. तिथलं बरंचसं मोलाचं साहित्य अजून पडद्यावर आलेलंच नाही, किंवा आलंय ते नुसत्या फोटोसारखं स्कॅन होऊन. त्यातली अक्षरं शोधयंत्राला वाचता येत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तुमच्या ग्रंथालयाने कोणत्या जर्नलांची वर्गणी भरली आहे यावरही बरंच ठरतं. पण तुमचा विषय शोधायला सोपा आहे, हे नक्की.

मग मिळत का नाही? त्यासाठी शोधयंत्र काय करतं ते थोडं समजून घ्यावं लागेल. तुम्ही शोध घेता तेव्हा गूगल त्या क्षणी इंटरनेट धुंडाळत नसतं. त्याचे प्रोग्रॅम पानापानावरच्या लिंका धरून आधीच फिरून आलेले असतात आणि सापडलेल्या पानांची एक प्रचंड सूची तयार असते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तिचाच हा महाकाय अवतार. तुमचे शब्द त्या सूचीत पाहिले जातात आणि मग कोणतं पान वर दाखवायचं हे ठरवलं जातं. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली या क्रमवारीची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी ग्रंथालयशास्त्रातली एक जुनी कल्पना होती: ज्या निबंधाचा उल्लेख इतर निबंध वारंवार करतात तो महत्त्वाचा असण्याची शक्यता जास्त. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढला, तोही याच उल्लेखांच्या हिशेबावर. पेज आणि ब्रिन यांनी उल्लेखाच्या जागी लिंक ठेवली. आज त्या हिशेबात इतरही असंख्य गोष्टी मिसळल्या आहेत. पण क्रमवारीत वर असणं म्हणजे खरं असणं नव्हे, हे तेव्हाही लागू होतं आणि आजही आहे.

यातून माझ्या कामाची एक गोष्ट निघते, आणि या सगळ्या उत्तरात एवढीच लक्षात राहिली तरी माझी हरकत नाही. शोधयंत्राशी ज्या भाषेत बोलाल त्याच भाषेत लिहिलेली पानं ते तुमच्यापुढे ठेवतं. 'मोबाइलमुळे मुलांची झोप कमी होते का' असा घरगुती प्रश्न टाकला की घरगुती प्रश्नांना उत्तरं देण्यासाठी लिहिलेली पानं येतात, म्हणजे ब्लॉग, बातम्या, 'पालकांसाठी दहा टिप्स'. त्यात गूगलची चूक नाही, तुम्ही मागितलं तेच त्याने दिलं. संशोधक मात्र 'झोप कमी होणे' असं लिहीत नाहीत. ते 'स्लीप ड्युरेशन' लिहितात. झोप लागायला लागणाऱ्या वेळाला 'स्लीप ऑनसेट लेटन्सी' म्हणतात. 'मुलं' न म्हणता 'अ‍ॅडोलसन्ट्स' किंवा 'स्कूल-एज चिल्ड्रन' म्हणतात, आणि मोबाइलला कधी 'स्क्रीन टाइम' तर कधी 'पोर्टेबल मीडिया डिव्हाइस'. हे शब्द तुमच्याकडे नसतील तर ते निबंध असूनही तुम्हाला दिसणार नाहीत.

मग हे शब्द आणायचे कुठून? म्हणून मी शोध नेहमी दोन फेऱ्यांत करायला सांगतो. पहिल्या फेरीत संदर्भ गोळा करायचेच नाहीत. अर्धा-पाऊण तास फक्त शब्द वेचायचे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमचे बोलीतले शब्द, उजवीकडे संशोधकांचे. या फेरीत ब्लॉग चालतो, बातमी चालते, विकिपीडिया तर उत्तमच. विकिपीडिया संदर्भ म्हणून देऊ नका, पण शब्दांसाठी आणि तळाच्या संदर्भयादीसाठी त्याच्यासारखी सोयीची जागा नाही. चॅटबॉटचाही खरा उपयोग इथेच आहे. 'या विषयावरच्या संशोधनात कोणत्या संज्ञा वापरतात' हे त्याला खुशाल विचारा. शब्द चुकला तर शोधताना लगेच कळतं, नुकसान होत नाही.

वैद्यकाशी लागून असलेल्या विषयाला आणखी एक सोय आहे. 'पबमेड' हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा शोधसंच १९९६ पासून ऑनलाइन आहे आणि कोणालाही फुकट वापरता येतो. त्यातल्या बहुतेक जर्नल-लेखांना ग्रंथालयाने ठरवलेले विषयशब्द जोडलेले असतात. लेखक स्वतः काहीही म्हणो, विषयशब्द एकच असतो. म्हणजे एक बरा लेख सापडला की खाली जाऊन त्याचे विषयशब्द पाहायचे आणि वहीच्या उजव्या रकान्यात उतरवायचे. शिक्षणशास्त्राला हेच काम 'एरिक' हा शोधसंच करतो.

या फेरीच्या शेवटी विषयाचा प्रश्न करून टाका. 'झोपेवर मोबाइलचा परिणाम' हा विषय झाला. 'बारा ते सोळा वयाच्या मुलांनी झोपण्याच्या वेळी फोन वापरल्याने झोपेचा कालावधी कमी होतो का' हा प्रश्न झाला. प्रश्न हातात असला की पुढे आलेला निबंध कामाचा आहे की नाही हे अर्ध्या मिनिटात ठरवता येतं. विषय हातात असला की सगळंच कामाचं वाटतं आणि चाळीस टॅब उघडे राहतात.

दुसऱ्या फेरीत शोधखिडकीची अवजारं लागतात. फार नाहीत. दोन-तीन शब्दांची संज्ञा दुहेरी अवतरणचिन्हांत टाकली की ते शब्द त्याच क्रमाने असलेली पानं मिळतात. दोन पर्यायी शब्दांमध्ये इंग्रजीत 'ऑर' लिहायचं, पण कॅपिटल अक्षरांत; लहान अक्षरांत लिहिलं तर गूगल त्याला साधा शब्द समजतं. नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाचं चिन्ह लावायचं. 'साइट' हा शब्द इंग्रजीत, पुढे कोलन आणि लगेच संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की शोध तेवढ्या स्थळापुरता राहतो. जागतिक आरोग्य संघटनेसारख्या अवाढव्य स्थळावर त्यांच्या स्वतःच्या शोधखिडकीपेक्षा हीच युक्ती मला जास्त वेळा उपयोगी पडली आहे. तसंच 'फाइलटाइप' आणि कोलन लावून 'पीडीएफ' लिहिलं की अहवाल वर येतात. जुन्या पुस्तिकांमध्ये अधिकचं चिन्ह वापरा असं सांगितलेलं सापडेल, पण गूगलने २०११ मध्ये त्याचं ते काम काढून घेतलं. गूगल तुमचे शब्द परस्पर बदलून समानार्थी दाखवायला लागलं तर 'टूल्स'मध्ये 'व्हर्बेटिम' हा पर्याय निवडा.

मराठीत शोधायची वेळ आली तर शुद्धलेखनाची खोड लक्षात ठेवा. 'मोबाइल' आणि 'मोबाईल' दोन्ही रूपं छापली जातात आणि निकाल नेहमी सारखे येत नाहीत. तुमच्या विषयावरचं मूळ संशोधन मात्र बहुतांशी इंग्रजीतच मिळेल. मराठीत वाचलेलं समजून घ्यायला वापरा आणि संदर्भ मूळ निबंधाचा द्या. अर्थात मूळ निबंध उघडून वाचल्यावरच.

आता साध्या गूगलवरून 'गूगल स्कॉलर'वर या. २००४ पासून ते आहे आणि तुमच्या कामाचा मोठा भाग इथेच होईल. पण शोधखिडकीपेक्षा प्रत्येक निकालाच्या खाली बारीक अक्षरांत ज्या लिंका असतात, खरी गंमत तिथे आहे. 'साइटेड बाय' म्हणजे या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला. 'ऑल व्हर्जन्स' म्हणजे हाच निबंध आणखी कुठे ठेवलेला आहे. पैसे मागणाऱ्या पानावर डोकं आपटण्याआधी ही दुसरी लिंक दाबून पाहा. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली मोफत प्रत पुष्कळदा तिथे मिळते. तीही नसेल तर 'अनपेवॉल' हे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन कायदेशीर मोफत प्रत शोधून देतं. त्यानंतर आम्ही ग्रंथपाल. एका ग्रंथालयाकडे नसलेला लेख दुसऱ्याकडून मागवणं हा आमच्या कामाचाच भाग आहे, पण फार थोडे विद्यार्थी ते मागतात. आणि लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाकायला लाजू नका. आपला लेख कोणाला वाचायचाय हे कळलं की बहुतेक संशोधक खूश होऊन पाठवून देतात. स्वतःच्या खिशातून पैसे भरणं हा शेवटचा उपाय, आणि असाइनमेंटसाठी तर तो कधीच करू नये असं माझं मत आहे.

स्कॉलरबद्दल दोन तक्रारीही नोंदवतो. एक, फार वेळा उल्लेख झालेले निबंध तिथे वर येतात, त्यामुळे जुने निबंध ठाण मांडून बसतात. फोनसारख्या विषयात ते घातक आहे, कारण पंधरा वर्षांपूर्वीच्या निबंधातला फोन आणि आजचा फोन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. म्हणून डावीकडे वर्षाची मर्यादा लावून एकदा पुन्हा शोधा. दोन, स्कॉलर दर्जाची चाळणी लावत नाही. त्यात प्रबंध असतात, अजून तपासले न गेलेले मसुदे असतात, कधी कधी विद्यार्थ्यांचे प्रकल्पही असतात.

आता ज्या कामात सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा आणि सगळ्यात कमी घातला जातो, त्याकडे येतो. ते म्हणजे माग काढणं. तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. 'झोपण्याआधी स्क्रीन पाहिल्याने झोप उडते' असं सांगणाऱ्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. त्यांतल्या बऱ्याच बातम्यांचा माग एका निबंधापाशी जातो. तो अमेरिकेच्या 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस' या जर्नलमध्ये २०१४ च्या डिसेंबरात ऑनलाइन आला आणि २०१५ च्या अंकात छापला गेला. निबंध चांगला आहे, दर्जेदार जर्नलमधला आहे. पण उघडून पाहा. भाग घेणारे होते फक्त १२ जण, तेही तरुण प्रौढ, शाळकरी मुलं नव्हेत. फोन नव्हताच, टॅबलेट होता आणि त्यावर पुस्तक वाचायचं होतं. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला, खोलीत अंधुक प्रकाश, झोपेआधीचे सुमारे चार तास वाचन आणि असं सलग पाच रात्री. छापील पुस्तक वाचलेल्या रात्रींपेक्षा झोप लागायला जो जास्त वेळ लागला तो साधारण १० मिनिटं. संशोधकांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलंय. सुतावरून स्वर्ग गाठला तो बातमीदारांनी. तुम्ही नुसती बातमी वाचून 'मोबाइलमुळे मुलांची झोप उडते हे सिद्ध झालं आहे' असं लिहून खाली हा संदर्भ दिलात, तर संदर्भ खरा आणि वाक्य खोटं, अशी अवस्था होते. परीक्षकाने निबंध वाचलेला असला तर तो तिथेच थांबतो.

याउलट २०१६ साली 'जामा पीडियाट्रिक्स' या जर्नलमध्ये आलेला एक आढावा पाहा. त्यात २० अभ्यास आणि मिळून १,२५,१९८ मुलांची माहिती एकत्र तपासली आहे, मुलांचं सरासरी वय साडेचौदा, आणि विषय नेमका तुमचाच: हातात बाळगायची स्क्रीन-उपकरणं आणि झोप. (त्यातही सावध राहायला हवंच, कारण हे अभ्यास एका वेळच्या पाहणीचे आहेत. फोन आणि कमी झोप एकत्र आढळतात एवढं ते सांगतात. झोप येत नाही म्हणून मूल फोन हातात घेतं की फोनमुळे झोप येत नाही, हे त्यावरून ठरत नाही. असाइनमेंटमध्ये हा मुद्दा लिहिलात तर सर दोनदा वाचतील.) अशा आढाव्याला 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' म्हणतात. तुमच्या विषयाच्या शब्दांबरोबर हे दोन शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. एक चांगला आढावा सापडला की निम्मं काम झालं म्हणून समजा, कारण त्याच्या मागे जाता येतं आणि पुढेही. मागे म्हणजे त्याच्या संदर्भयादीत. पुढे म्हणजे 'साइटेड बाय' दाबून, त्यानंतर कोणी काय लिहिलं, कोणी विरोध केला, हे पाहत.

आणि एक आतली गोष्ट. या आढाव्यांमध्ये 'पद्धती' नावाचा भाग असतो, जो विद्यार्थी हमखास ओलांडून पुढे जातात. त्यात लेखकांनी कोणत्या शोधसंचांत, कोणते शब्द टाकून, कोणत्या तारखांपर्यंत शोधलं हे लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही ज्या शब्दांसाठी वहीत रकाने पाडलेत, त्यांची तयार यादी तिथे छापून ठेवलेली आहे. ती उचला. ही चोरी नाही, ती यादी दुसऱ्याला तोच शोध करून पाहता यावा म्हणूनच दिलेली असते.

माग काढताना मधली पायरी गाळू नका. पालकाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: दशांशचिन्ह चुकलं, पालकात दहापट लोह असल्याचं छापलं गेलं आणि जग पालक खात सुटलं. १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका लेखात ही हकिगत आली, तिला पुरावा जोडलेला नव्हता. तिथून ती लेखालेखांतून फिरत राहिली, चुकांपासून सावध राहा असं सांगण्यासाठीच बहुतेक वेळा. माइक सटन या अभ्यासकाने २०१० साली तिचा उगम शोधायचा प्रयत्न केला, तर दशांशचिन्हाच्या त्या चुकीला आधारच सापडेना. चुकीचं उदाहरण म्हणून दिलेली गोष्टच तपासलेली नव्हती! म्हणून 'अमुकने तमुकचा हवाला देऊन म्हटलं आहे' असं दिसलं की तमुक उघडा. उघडता आलं नाही तर अमुकचंच नाव द्या, तमुकचं नको.

एखादं संकेतस्थळ भरवशाचं आहे का हे ठरवायला विद्यार्थी त्याचं 'आमच्याविषयी' पान वाचत बसतात. स्वतःबद्दल वाईट कोण लिहिणार? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ४५ जणांना संकेतस्थळं तपासायला दिली होती: १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर वरखाली करत राहिले आणि पुष्कळदा फसले. तपासनीसांनी मात्र लगेच नवे टॅब उघडले आणि त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. पीएचडीवाले इतिहासकारही फसले, याचं मला अजून नवल वाटतं. तेव्हा पानाच्या आत खोल जाण्याआधी बाहेर पडा आणि संस्थेचं नाव वेगळं शोधून पाहा.

जर्नलांतही नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा असा प्रकार आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं भारदस्त नावं लावून बसलेली असतात. जर्नल मोफत वाचता येणारं असेल तर ते 'डोआज' या निर्देशिकेत आहे का ते पाहा. तिथे असण्यासाठी जर्नलला काही कसोट्या पार कराव्या लागतात. शंका राहिलीच तर तो लेख सोडा, तुमच्या विषयावर लेखांचा दुष्काळ नाही.

निबंध मागे घेतलेला नाही ना, हेही एकदा पाहायचं. 'लॅन्सेट'सारख्या मातब्बर जर्नलने १९९८ साली छापलेला, लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. जर्नलच्या पानावर तसं ठळक लिहिलेलं असतं. पण कुठूनतरी उतरवलेल्या पीडीएफवर ते असेलच असं नाही. म्हणून शेवटची यादी करताना प्रत्येक निबंधाचं जर्नलमधलं मूळ पान एकदा उघडा.

आता तुमचे ते पाच बेपत्ता संदर्भ. ते शोधणं आजच थांबवा. ते बहुतेक अस्तित्वातच नाहीत. चॅटबॉट संदर्भासारखा दिसणारा मजकूर सहज तयार करतो: लेखकाचं आडनाव पटण्यासारखं, जर्नल खरं, खंड आणि पृष्ठक्रमांकही व्यवस्थित. माझ्याकडे एक मुलगी अशीच यादी घेऊन आली होती. जर्नल आमच्याकडे होतं, खंड कपाटात होता, आणि दिलेल्या पानांवर भलत्याच विषयावरचा लेख होता. ती आधी आमच्या ग्रंथालयावरच रागावली, अंक चुकीचा बांधलाय म्हणून! न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ साली वकिलांनी चॅटबॉटने दिलेले अस्तित्वात नसलेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. तुमचे जे तीन संदर्भ सापडले तेही 'सापडले' म्हणून लगेच घेऊ नका. निबंध खरा असला तरी चॅटबॉट त्यात जे आहे म्हणतो ते त्यात असतंच असं नाही. उघडा, सारांश वाचा, निष्कर्ष वाचा, मग ठरवा.

खरा की खोटा हे तपासायची झटपट रीत डीओआय ही आहे. दहाच्या आकड्याने सुरू होणारा तो क्रमांक प्रत्येक निबंधाला वेगळा असतो आणि संकेतस्थळ बदललं तरी तो निबंधाशी बांधलेला राहतो. क्रमांक टाकल्यावर भलताच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही तर संदर्भ संशयास्पद समजा. जुन्या लेखांना आणि काही छोट्या जर्नलांना डीओआय नसतो, तेव्हा शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधा.

नोंदी ठेवण्याबद्दल फार सांगत नाही. 'झोटेरो' हे फुकट साधन घ्या, एक क्लिक केलं की संदर्भाचे तपशील भरून घेतं, मात्र भरलेलं एकदा नजरेखालून घाला. त्यासोबत वहीत एवढंच लिहा: कोणत्या दिवशी, कुठे, कोणते शब्द टाकले. तीन दिवसांनी तोच शोध पुन्हा करण्याचा वेळ वाचतो. एखाद्या संस्थेचं पान संदर्भ म्हणून देत असाल तर 'वेबॅक मशीन'मध्ये त्याची प्रत जतन करून ठेवा, पानं गायब होतात.

दहा संदर्भ कसे भरायचे याचं माझं गणित असं राहील. एक किंवा दोन आढावे. त्यांच्या मागच्या यादीतून तुमच्या वयोगटाला नेमके लागू पडणारे तीन-चार मूळ अभ्यास. 'साइटेड बाय'मधून गेल्या चार-पाच वर्षांतले दोन-तीन. एखादा तरी असा निबंध, ज्याचा निष्कर्ष इतरांशी जुळत नाही. आणि सरांनी होकार दिला तर एखाद्या आरोग्यसंस्थेचा अहवाल. शोधताना तीच ती नावं पुन्हा पुन्हा समोर यायला लागली की थांबायची वेळ झाली. त्या दिवसापासून वाचायला बसा.

बसताना सुरुवात त्या २०१६ च्या आढाव्यापासून करा. आजच्या दिवसात त्याची 'पद्धती' वाचून वहीचा उजवा रकाना भरा, आणि उद्या तुमच्या ग्रंथालयात जाताना ती वही सोबत न्या. 'संदर्भ मिळत नाहीत' असं म्हणत आलेल्या विद्यार्थ्यापेक्षा 'हे शब्द टाकले, इथे टाकले, एवढंच आलं' असं सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही फार लवकर मदत करू शकतो.